टेकडीवरचा खांब आणि माझं चुकलेलं माप

माझे मित्र प्रवासाला जातात ते बर्फ बघायला, समुद्र बघायला, गेलाबाजार देवाला. मी जातो खांब बघायला. वायरलेसचा तपासनीस असल्यामुळे राज्यात जिथे म्हणून टेकडीवर उंच लोखंडी खांब आणि त्याच्या बुडाशी पत्र्याची खोली आहे, तिथे मी एकदा तरी जाऊन आलो आहे. परतल्यावर हातवारे करून, नकला करून ते सगळं आमच्या आळीतल्या मंडळींना ऐकवायचं, ही माझी खरी कमाई. देऊळगाव राजाकडची ही हकिकत मात्र मी दोनदा सांगायला बसलो आणि दोन्ही वेळा अर्ध्यात उठलो. लिहायला बरं. समोर कोणी हसण्याची वाट बघत बसलेलं नसतं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. नवं राज्य, नवे खांब. खडकपूर्णेच्या काठी पुराची खबर द्यायला दोन वायरलेस ठाणी उभी राहिली होती, एक वरच्या अंगाला टेकडीवर आणि एक खालच्या अंगाला गावाजवळ. वर पाणी चढलं की टेकडीवरच्या माणसाने सेटवर बोलायचं आणि खालच्या माणसाने ते ऐकून गावात दवंडी पिटवायची. व्यवस्था सोपी होती. त्या वर्षी आषाढात, भर दुपारी, पाणी चढलं. टेकडीवरचे ऑपरेटर किसनराव वानखडे म्हणत होते, "मी तीन वाजल्यापासून अकरा वेळा बोललो." खालच्या ठाण्याच्या वहीत एकही नोंद नव्हती. दवंडी झाली नाही. नदीकाठच्या मळ्यात पाण्याचं इंजिन सोडवायला गेलेला एक माणूस वाहून गेला.

आठ दिवसांनी मला पाठवलं. सेटमधून निघालेली शक्ती केबलमधून वर एरियलला जाते. सेट, केबल आणि एरियल एकमेकांच्या मापाचे असतील तर ती सुखाने हवेत निघून जाते. यालाच आमच्या धंद्यात इम्पिडन्स जुळणं म्हणतात. जुळलं नाही तर तिच्यातला काही भाग उलटा फिरून खाली येतो. उलट किती आलं ते मोजायचं यंत्र माझ्याकडे असतं. काटा एकावर आला की उत्तम, जितका पुढे तितकं वाईट. खालचं ठाणं तेव्हा चिखलात होतं, त्यामुळे बोलून बघायला पलीकडे कोणी नव्हतं. मी खोलीत उभ्या उभ्या यंत्र लावलं. काटा एकाच्या किंचित पुढे. मी लिहिलं, "केबल व एरियल निर्दोष." खाली सही केली. वस्तू निर्दोष म्हटल्यावर दोष माणसाचा. किसनराव जेवून लवंडले असणार असा निष्कर्ष निघाला आणि त्यांना कामावरून दूर करून चौकशी बसली.

दिवाळीनंतर त्यांचं पोस्टकार्ड आलं. मजकूर एवढाच होता: "दर सोमवारी सेटवरच्या काट्याचं माप मी वहीत लिहीत होतो. उन्हाळ्यात पावणेदोन. पाऊस लागल्यावर दीड. मग सव्वा. पुराच्या दिवशी एक आणि थोडं वर. पावसानं एरियल सुधारते काय, एवढं कृपा करून कळवावं."

मी चहा पीत होतो. तो तसाच राहिला. पावसाने एरियल सुधारत नाही. पावसाने कुठलंच लोखंड सुधारत नाही. दुसऱ्याच दिवशी रजेचा अर्ज टाकला, मोजायला येतोय असं किसनरावांना कळवलं आणि रजा मिळताच निघालो.

जालना ते देऊळगाव राजा

एस.टी.त माझ्या मांडीवर यंत्राची लाकडी पेटी होती. शेजारी पांढरं धोतर नेसलेले, मिशा पिकलेले एक गृहस्थ. त्यांनी पेटीवर टिचकी मारली.

"पेटी हाय का जी?"

"पेटीच आहे," मी म्हणालो. खोटं नव्हतं.

"मंग वाजवा ना. रस्ता कटंन."

"रस्ता खराब आहे. सूर हलतात."

अख्ख्या बसला हे पटलं. मागच्या बाकावरून कोणीतरी अभंगाची फर्माईश केली. मी गंभीरपणे "घसा बसलाय" म्हटलं, तर पुढच्या बाईंनी पिशवीतून ओव्याची पुरचुंडी काढून दिली. मी ओवा चावला. एवढा मान मला पुण्यात कधी मिळालेला नाही.

"कोनाच्या इथं कार्यक्रम हाय?" गृहस्थांनी विचारलं.

"टेकडीवर. किसनराव वानखड्यांकडे."

गृहस्थ खिडकीबाहेर बघायला लागले. तिकडेच बघत म्हणाले, "तो झोपलेला?"

पुढे जालन्याकडची हद्द संपून देऊळगाव राजा येईपर्यंत बसमध्ये कोणी मला गाण्याचं विचारलं नाही. बाहेर कापूस फुटला होता आणि वेचणाऱ्या बाया ओटीत बोंडं घेऊन वाकल्या होत्या. ज्वारी कापून आडवी पडली होती. उतरताना मी ओव्याची पुरचुंडी परत द्यायला गेलो, तर बाईंनी ती घेतली नाही.

टेकडी

देऊळगाव राजाला बालाजीच्या देवळाजवळ एका हॉटेलात शेव-चिवडा खाल्ला, इतका तिखट की कानातून वाफा निघाव्यात, आणि एका बैलगाडीवाल्याला गाठून टेकडीच्या पायथ्याशी उतरलो.

वर जाणारी पायवाट गावाच्या विहिरीवरून जाते. किसनराव मला घ्यायला खाली आले होते. चाळिशीचा, काटक, अंगात इस्त्रीचा सदरा. आम्ही विहिरीजवळ आलो तर बैल पाजणाऱ्या माणसाने मोठ्याने विचारलं, "काय किसनराव, झाली का झोप?"

"हाव जी, झाली," किसनराव म्हणाले.

पुढे एक म्हातारा भेटला. "काय किसनराव, झाली का झोप?"

"हाव जी."

टेकडीपर्यंत चौघांनी विचारलं. चौघांना त्यांनी तेच उत्तर दिलं, त्याच आवाजात. आमच्याकडे एखाद्याला वाळीत टाकायचं तर लोक त्याच्याशी बोलणं बंद करतात. जिन्यात भेटला तर भिंतीकडे बघतात. इथे बोलणं थांबवत नाहीत. रोज, अगत्याने, एकच प्रश्न विचारतात. दोन्हींपैकी कुठलं बरं यावर मी रस्ताभर विचार केला. आमचंच बरं, असं ठरवलं.

"तुम्ही उत्तर कशाला देता?" मी विचारलं.

"नाई देल्लं तं म्हणतीन, अजून झोपूनच हाय."

एवढं बोलून ते स्वतःच हसले. मी हसलो नाही. माझ्या आयुष्यात असं फार वेळा झालेलं नाही.

खोलीशेजारच्या दोन दालनांत ते आणि त्यांची पत्नी सुमनबाई राहत होते. चौकशी संपेपर्यंत जागा सोडू नये असा हुकूम होता. सुमनबाईंनी पातोडीचा रस्सा केला होता, बेसनाच्या वड्या लाल तर्रीत पोहत होत्या, सोबत ज्वारीची भाकरी आणि कांद्याची पात. मी तिसरी भाकरी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "चार महिन्यांत पयला पाहुणा हाय तुमी. पोटभर खा."

"आणि त्यालाच जेवायला घालताय, ज्याने तुमचं असं केलं."

"तुमी काय केलं? यंत्रानं सांगतलं ते तुमी लिवलं."

चौथी भाकरी मी मागितली नाही.

भिकाजी म्हस्के

सकाळी खालच्या गावाहून एक माणूस चालत आला. खांद्यावर घोंगडी, पायात चामड्याच्या वहाणा, चेहरा असा बंद की दार वाजवायचीही भीती वाटावी. किसनरावांनी सांगितलं, हे भिकाजी म्हस्के. मळ्यात वांगी-मिरची लावतात. वाहून गेलेला सुकदेव यांचा धाकटा भाऊ. माझ्यासारखंच यांनाही किसनरावांनी पोस्टकार्ड घातलं होतं: "मोजायला साहेब येऊन राह्यले. डोळ्यांनी पाहून जा."

म्हणजे सगळा खटाटोप कशासाठी होता ते मला तेव्हा समजलं. नोकरीचं काय व्हायचं ते होवो. आपण झोपलो नव्हतो, हे किसनरावांना या एका माणसाला पटवायचं होतं.

"मले यंत्रातलं काई समजत नाई," भिकाजी म्हणाले. "तुमी सायेब लोक एकमेकाले सांभाळून घेता. पयले म्हणे सगळं बराबर हाय. आता काऊन आले?"

मला समजावून सांगण्याची फार हौस. मी अंगणात काठीने रेघ ओढली. "हे बघा, हे तुमचं इंजिन. हा दांड. हा वाफा. इंजिन पाणी फेकतं ते दांडाने वाफ्यात जातं. वाफ्याचं तोंड लहान असलं तर पाणी तुंबून मागे येतं. खरं?"

"खरं."

"मी इंजिनापाशी उभा राहून बघितलं, पाणी मागे येतंय का. नाही आलं. म्हणून मी लिहिलं, वाफ्यात सगळं गेलं."

भिकाजींनी माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात, नवल होतं.

"आन मधीच दांड फुटला असंन तं?"

मी काठीने दांडाची रेघ मधोमध पुसली.

"पाणी मागंही येत नाई अन् वाफ्यातही जात नाई. जमीन पिऊन घेते. सायेब, आमी पिकाले पाण्याचं बारं देतो तं इंजिनापाशी उभं राहून नाई पाह्यत. वाफ्यापाशी जाऊन पाह्यतो." मग त्यांनी खांबाच्या टोकाकडे बोट केलं, "तुमी वाफ्यापाशी गेल्ते का?"

"नाही," मी म्हणालो. "वर चढलो नाही. पाऊस होता. आणि मला उंचीची भीती वाटते."

पंचवीस वर्षांच्या नोकरीत जे पुस्तकातून शिकलो होतो आणि घाईत विसरलो होतो, ते या माणसाने घोंगडीवर बसून चार वाक्यांत सांगितलं. फुटक्या दांडातून पाणी झिरपतं तशी भिजलेल्या केबलमध्ये शक्ती जिरते. जाताना जिरते आणि उलट फिरलेली येतानाही जिरते. म्हणून खाली काहीच परत येत नाही आणि काटा उत्तम दाखवतो. केबल जितकी सडेल तितका काटा छान. किसनरावांची सोमवारची वही म्हणजे एका आजाऱ्याची कहाणी होती आणि मी शेवटचा आकडा वाचून त्याला ठणठणीत ठरवलं होतं.

साठ फूट वर

मग मी चढलो. या चढण्याचं वर्णन आळीत मी तासभर रंगवलं असतं: कमरेला दोर, पाठीवर पेटी, तोंडाने अखंड रामरक्षा, आणि निम्म्यावर गेल्यावर वाऱ्याने उडालेली टोपी, जी थेट सुमनबाईंच्या वाळत घातलेल्या मिरच्यांवर जाऊन पडली. खालून त्या ओरडल्या, "सायेब, खाली पाहू नका!" त्या ओरडल्या म्हणून मी खाली पाहिलं. पुढची पाच मिनिटं मी खांबाला असा बिलगलो होतो की आमच्या लग्नात सौभाग्यवतींचा हातही मी एवढा घट्ट धरला नव्हता.

वर पोहोचलो. कार्तिकातली खडकपूर्णा खाली वाळूत एका बाजूला सुतासारखी पडली होती. या नदीने कोणाला नेलं असेल असं सांगून कोणाला खरं वाटलं नसतं.

एरियलजवळचा जोड सोडला, केबलच्या टोकाला यंत्र लावलं, या वेळी वर किती वॅट पोचतात ते मोजायला, आणि ओरडलो, "दाबा!" खाली किसनरावांनी सेटचं बटण दाबलं. सेटमधून पन्नास वॅट निघत होते. ते मी आधीच खाली मोजले होते. वर काटा हलला, तीनवर गेला आणि तिथेच थरथरत राहिला.

"पुन्हा!"

तीन.

पन्नासांतले तीन. आषाढात, केबल ओलीचिंब असताना, तेवढेही नसतील. किसनराव अकरा वेळा बोलले होते आणि अकराही वेळा त्यांचे शब्द या खांबाच्या आतच विरून गेले होते. मला वर आनंद झाला हे कबूल करतो. निर्दोष माणूस निर्दोष ठरला होता. मी खाली हात हलवला, जवळजवळ नाटकातल्यासारखा.

आणि उतरायला लागल्यावर मला पट्ट्या दिसल्या.

केबल खांबाला धरून ठेवायला रबरी अस्तराच्या पकडी लागतात. त्या इथे नव्हत्या. दर दोन हातांवर एक पातळ लोखंडी पट्टी आवळलेली होती, कापसाच्या गाठी बांधतात तसली. काम इतकं नेटकं होतं की एकही पट्टी वाकडी नव्हती. आणि प्रत्येक पट्टीच्या धारेखाली, वाऱ्याने घासून घासून, केबलचं काळं कातडं कापलं गेलं होतं. एकेक चीर तांदळाएवढी. मी मोजल्या नाहीत. मोजायची हिंमत झाली नाही.

किसनराव खामगावचे. आदल्या दिवशी जेवताना त्यांनी सांगितलं होतं, वडील जिनिंग-प्रेसमध्ये गाठी बांधायचे.

पोपट

खाली आल्यावर मी केबलचा खोलीत शिरण्याआधीचा लोंबता भाग कापला. आतून मळकट, हिरवट पाणी निथळलं, चमचाभर. महिनाभर पाऊस नव्हता. आषाढातलं पाणी कार्तिकात माझ्या तळहातावर होतं. मी हात भिकाजींपुढे धरला.

"हा तुमचा फुटलेला दांड. हे झोपले नव्हते."

भिकाजींनी त्या पाण्याला बोट लावून पाहिलं. सुमनबाईंनी पदर तोंडाला लावला.

"कायनं फुटला?" भिकाजींनी विचारलं.

हा प्रश्न येणार हे मला साठ फुटांवरून दिसत होतं, आणि उत्तर मी उतरता उतरता तयार केलं होतं. खोटं बोलण्यात माझा हात धरणारा आळीत कोणी नाही.

"पोपट," मी म्हणालो. "पोपट केबल कुरतडतात. फार वाईट जात. मी कोकणात बघितलंय, एका खांबावर तर..."

"सायेब," किसनराव म्हणाले. "पट्ट्या पाह्यल्या ना तुमी?"

मी पोपटांवरच अडकलो होतो. ते आत गेले आणि कोपऱ्यातून उरलेली एक पट्टी घेऊन आले. ती त्यांनी भिकाजींच्या हातात दिली.

"पोपट नाई. म्या बांधल्या ह्या. पकडी पाठवा म्हणून दोनदा लिवलं, आल्या नाई. वाऱ्यानं केबल लटलट हले. म्हटलं, तुटून पडंन. खामगावहून बाबांकडून पट्ट्या आनल्या. एक दिवस वर टांगून राह्यलो, एकेक आवळली." त्यांनी पट्टीकडे बोट केलं. "म्याच कापली केबल."

भिकाजींनी पट्टीच्या धारेवरून अंगठा फिरवला.

मला वाटलं आता हा माणूस उठेल आणि ती पट्टी याच्या तोंडावर मारेल. मारली असती तरी मी मध्ये पडलो नसतो. मला तो हक्क नव्हता. पण ते बसूनच राहिले.

"पन जागा होता?"

"जागा होतो."

"अकरा येळा बोल्ला?"

"अकरा. पलीकून कोनी बोले ना. रस्त्यावर छातीएवढं पानी. सेट सोडून जाऊ नाई असा नेम. बोलतच राह्यलो."

"काय बोल्ला? म्हनून दाखव."

किसनराव गोंधळले. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही सगळे आत गेलो आणि ते सेटसमोरच्या स्टुलावर जाऊन बसले, पाठ ताठ करून, जशी कामावर असताना बसत असतील. सेट बंद होता. समोरच्या भिंतीकडे बघत ते शुद्ध, सरकारी मराठीत बोलले, ज्यात वऱ्हाडातला एक कानाही नव्हता:

"टेकडीवरून खालच्या ठाण्यास. वेळ तीन. पाणी खुणेच्या वर दोन हात. वेगाने चढत आहे. काठावरचे मळे ताबडतोब रिकामे करावेत. माणसं, गुरं वर न्यावीत. दवंडी द्यावी. ऐकू आल्यास कळवावे."



"तीन वाजता," भिकाजी सावकाश म्हणाले, "तीन वाजता सुकदेव घरीच होता. माह्या समोर भाकर खाऊन राह्यला होता. चारच्या पुढं उठला तो."

त्यांनी पट्टी जमिनीवर ठेवली, वाजणार नाही अशी, आणि घोंगडी उचलली. निघताना ते किसनरावांजवळ थांबले. खांद्यावर हात ठेवतील असं मला वाटलं. नाही ठेवला.

"गावात सांगतो," म्हणाले. "जागा होता म्हनून सांगतो. बाकीचं सांगनं माह्याच्यानं होनार नाई."

टेकडी उतरताना ते लहान लहान होत गेले आणि कापसाच्या रानात शिरले.

अहवाल

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकतो. झोपेचा आरोप निघाला. परवानगीवाचून बांधकाम केल्याचा लागला. किसनरावांना परत घेतलं, पण भांडारात, सेटपासून लांब. त्यांनी स्वतःच तसं मागितलं होतं असं नंतर कळलं. मला एक कडक पत्र आलं, आणि वर्षभरात सगळ्या खांबांना रबरी पकडी बसल्या. मी आता सगळीकडे वर चढतो. भीती आहे तेवढीच आहे.

त्या संध्याकाळी मी किसनरावांच्या टेबलावर अहवाल लिहिला. एरवी माझे अहवाल लांबलचक असतात. हा एका पानाचा झाला. पहिला मुद्दा: आषाढातला माझा अहवाल चुकीचा होता, मी फक्त खाली मोजलं, वर मोजलं नाही. दुसरा मुद्दा: पकडी दोनदा मागूनही आल्या नाहीत. तिसरा: त्याऐवजी गाठीच्या पट्ट्या वापरल्या गेल्या, त्यांनी केबल कापली. पट्ट्या कोणी बांधल्या ते लिहिलं नव्हतं. कागद मी किसनरावांना वाचायला दिला.

त्यांनी दोनदा वाचला. खिशातून पेन काढलं आणि तिसऱ्या मुद्द्यात स्वतःचं नाव घातलं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मग म्हणाले, "सायेब, क्रम बदला. माह्यं पयले घडलं."

तारखेप्रमाणे त्यांचं बरोबर होतं. मी क्रम बदलला नाही.